खातेदार बोलतोय

सर्जियोनं घसा खाकरला आणि मेलेल्या बापाच्या आवाजात सांगितलं, "हो. कॉराडो मिनर्विनीच बोलतोय."

पलीकडची मुलगी नव्या फोन कंपनीची होती. तिनं जन्मतारीख विचारली. ती सर्जियोला पाठ होती. दहा महिन्यांपूर्वी कबरीच्या दगडावर कोरून घेताना त्यानंच ती कारागिराला दोनदा वाचून दाखवली होती.

पोर्ट पिरी बंदरातल्या टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारा आता बंद होणार होत्या. गल्लीतल्या सगळ्यांनी नव्या कंपन्या धरल्या होत्या, राहिलं होतं एवढंच घर. नंबर तोच ठेवता येत होता. अट एकच, जुन्या खात्यावर ज्याचं नाव त्यानंच हो म्हणायचं. खातेदार वारला असेल तर त्याचीही सोय होती: मृत्यूचा दाखला पाठवायचा, खातं बायकोच्या नावावर करून घ्यायचं, मग नंबर हलवायचा. आठवड्याभराचं काम. दाखला ड्रॉवरमध्ये होता, आणि सकाळपासून त्याची आई लुक्रेझिया त्या ड्रॉवरला पाठ लावून उभी होती.

"पाद्रीबाबांना सांगितलं, बँकेला सांगितलं, मच्छीमार सोसायटीला सांगितलं," ती म्हणाली होती. "फोनला नाही सांगणार."

नंबर गेला तर काय बिघडेल, हे सर्जियोनं तिला विचारलं नाही. चाळीस वर्षं बाप समुद्रावरून परतला की धक्क्यावरच्या फोनवरून हाच नंबर लावायचा आणि दोनच शब्द बोलायचा, "पाणी ठेव." ती पास्त्यासाठी पातेलं चढवायची. पाण्याला उकळी यायला जेवढा वेळ लागे, तेवढाच त्याला चालत घरी यायला लागे. पुढे खिशात मोबाइल आला, बोट विकली, गुडघे गेले, तरी म्हातारा रोज धक्क्यावर फेरी मारायला जायचा आणि निघताना घरी फोन करायचाच. बायकोशी तो आयुष्यात गोड म्हणून काही बोलला असेल, तर ते एवढंच.

सर्जियोनं बापाचं काहीच घेतलं नव्हतं. ना समुद्र, ना भूक, ना पत्त्यांतलं नशीब. आवाज तेवढा हुबेहूब उचलला. शाळेत असताना तो परदेशातून येऊन इथं स्थायिक झालेल्या बापाच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल करून मित्रांना हसवायचा. एकदा बाप दारात उभा राहून ऐकत होता. तो माशांची टोपली उचलून आत गेला. आज तीच नक्कल कामाला येत होती आणि सर्जियोला स्वतःची लाज वाटत होती.

"जुनं कनेक्शन तुम्ही आधीच तोडलं नाहीत ना, सर?" मुलीनं विचारलं. "बरेच जण घाईनं तोडून टाकतात, मग नंबर परत मिळत नाही."

"नाही बाई. मी काही तोडलेलं नाही."

तेवढ्यात लाइनवर खट्ट झालं. स्वयंपाकघरातला दुसरा फोन उचलला गेला होता. घरात दोघंच होते, त्यामुळे कोण ते विचारायला नको. श्वास ऐकू येत होता.

मुलीचा एकच प्रश्न उरला होता. फॉर्मवरचाच होता, सगळ्यांना विचारतात तो. खातेदार हजर नसतील तेव्हा त्यांच्या वतीनं कोणी बोलायचं?

सर्जियोनं बोळातून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मी नसलो तर," शेवटी बापाचा आवाज म्हणाला, "माझी बायको. लुक्रेझिया. तिलाच विचारत जा सगळं."

मुलीनं नाव लिहून घेतलं, नंबर तुमचाच राहील म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

सर्जियोनं ठेवला नाही. आईनंही ठेवला नाही. समोरचं माणूस गेल्यावरही जुनी लाइन थोडा वेळ उघडी राहते, तशी ती राहिली होती.

"धक्क्यावरून बोलतोयस?" आईनं विचारलं.

तिचा हा सूर त्यानं कधी ऐकलेला नव्हता. तो त्याच्यासाठी कधी नव्हताच. त्याचे डोळे भरून आले. मी आहे गं आई, एवढंच म्हणायचं होतं, आणि तेच म्हणायला हवं होतं. पण त्याच्यानं होईना.

"हो," तो म्हणाला. "पाणी ठेव."

तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मग नळ सोडल्याचा, मग गॅस पेटल्याचा. सर्जियो बोळात खुर्चीवर बसून राहिला. आता लगेच आत जावं की थांबून, हे त्याला ठरवता येत नव्हतं. आपण हे काय करून बसलो? बऱ्याच वेळानं पातेल्यावरचं झाकण थडथडू लागलं, तेव्हा तो उठला.

आई शेगडीपाशी दाराकडे तोंड करून उभी होती. अंगावर काळे कपडे, वर धुतलेला एप्रन. केस नुकतेच विंचरलेले. हातातला पास्त्याचा पुडा अजून फोडलेला नव्हता. तिनं सर्जियोकडे पाहिलं, आणि मग त्याच्या मागे.