आत राहिलेलं

"शेवटचं साफ कधी झालं?" डॉ. मलामांनी विचारलं.

"पाच दिवस झाले," कासोंडे म्हणाला. "वाराही सरत नाही. घोटभर पाणी दिलं तरी हिरवं ओकते."

त्याची बायको मुताले खाटेवर कुशीला वळून पडली होती. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. मलामांनी हात फिरवला. बेंबीच्या डावीकडे आंब्याएवढं काहीतरी लागलं, बोटांखाली सरकणारं. एक्स-रेत आतड्यांमध्ये हवा आणि पाणी थरांनी साचलेलं दिसत होतं. वाट कुठेतरी बंद होती. कशानं, ते कळत नव्हतं. जंतांचा गोळा असेल, आतड्याला पीळ पडला असेल, क्षयाची गाठ असेल. बेंबीखाली एक जुना व्रण होता.

"कशानं ते आम्हाला ठाऊक आहे," मुतालेची मावशी चिलेशे मध्येच म्हणाली. "सासूनं केलंय. वैदू तेव्हाच बोलला होता, पोटात काहीतरी गुंडाळून ठेवलंय म्हणून. म्हातारी मेली, पण हात आतच ठेवून गेली."

मलामांनी कासोंडेकडे पाहिलं.

"माझी आई," तो खाली बघत म्हणाला. "जुळी झाली तेव्हापासून हिचं पोट दुखायचं. वैदूनं आईचं नाव घेतलं. तिला जा म्हटलं, जाईना. मग मी तिच्या झोपडीचं छप्पर पेटवलं. त्यानंतर ती दलदलीपलीकडे मासेमारांच्या बेटावर राहायची. या थंडीत तिथेच वारली. मला वाटलं, ती गेली की हिला उतार पडेल."

मलामांनी मुतालेच्या नाकातून नळी घातली, दोन्ही हातांना सलाइन लावलं. दुपारपर्यंत लघवी सुरू झाली, तेव्हा तिला शस्त्रक्रियेसाठी आत घेतलं.

पोट उघडल्यावर लहान आतड्याची चार-पाच वेटोळी एका गोळ्याला घट्ट चिकटलेली दिसली. मलामांनी ती एकेक करून सोडवली. गोळ्यातलं काहीतरी आतड्याची भिंत कुरतडून आत शिरलं होतं आणि तिथेच अडकून बसलं होतं. त्यांनी चीर दिली, चिमट्यात पकडून ओढलं. ते येतच राहिलं. पिवळं, कुजक्या वासाचं. वीतभर, मग हातभर.

कापड होतं. शस्त्रक्रियेत रक्त टिपायला घेतात ती घडी. कोपऱ्याला नाडी शिवलेली.



इथले रोगी घरून शाळेची वही घेऊन येतात, तिच्यातच त्यांचा सगळा इतिहास असतो. मुतालेची वही मलामांनी सकाळीच वाचली होती. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिलं होतं : जुळी, पोट उघडून काढली. रक्तस्राव फार. आई सुखरूप. 'सुखरूप'खाली दोन रेघा होत्या आणि त्याखाली त्यांचीच सही. त्या दिवशी रक्त थांबत नव्हतं. मूठमूठभर कापड त्यांनी आत कोंबलं होतं, मूठमूठभर काढलं होतं. आई वाचल्याच्या आनंदात मोजायचं राहिलं होतं.

त्यांनी सडलेला तुकडा कापून काढला, दोन्ही टोकं जोडली, पोट धुतलं. मुतालेची नाडी चांगली लागत होती.

"गाठ निघाली म्हणून सांगा," शेवटचे टाके पडत असताना सिस्टर बुपे हळूच म्हणाल्या. "ते काही अगदीच खोटं नाही. आणि तुम्हाला इथून काढलं तर या तलावाकाठी पोट उघडणारं दुसरं आहे कोण? पुढच्या बाईनं कुठे जायचं?"

"ते कापड ट्रेमध्ये घ्या," मलामा म्हणाले. हातमोजे काढून त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या.

ते ट्रे घेऊन व्हरांड्यात आले. आधी मावशी धावली.

"बघ! गुंडाळलेलंच आहे! मी काय म्हणत होते?"

"हे माझ्याकडून राहिलं," मलामा म्हणाले. "कासोंडे, तुमच्या आईनं काही केलं नाही. जुळी काढली तेव्हा हे आत राहिलं. इस्पितळाचं कापड आहे. मी तसं लिहिलंय. तुम्ही तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही."

मावशी हसलीच. "डॉक्टर, तुम्ही भले आहात. मेलेल्या बाईची लाज राखताय. अहो, ती कुणाच्याही हातून करवून घ्यायची! तुमच्याही हातून घेतलं असेल."

कासोंडे हसला नाही. त्यानं कापडाची नाडी दोन बोटांत धरली, उलटीसुलटी करून पाहिली.

"मशीनची शिवण आहे," तो म्हणाला. मग मावशीला म्हणाला, "तू मुतालेजवळ जाऊन बस."

ती गेल्यावर त्यानं विचारलं, "ही वाचेल?"

"वाचेल."

"मग ते लिहिलेलं खोडा."

"का? तुमच्या आईवरचा आळ जाईल, कासोंडे. मी तुमच्या गावात येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"नको. मग छप्पर मी कुणाचं पेटवलं?" तो तिथेच फरशीवर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"गावात येऊ नका, डॉक्टर. मला चेटकिणीचाच मुलगा राहू द्या."