राणी नसलेली माशी

धुरंधरसाहेबांनी वाळवंटातल्या बोरांच्या बागेत सोन्याचा मुलामा दिलेली यांत्रिक राणीमाशी बसवली, तेव्हा माश्यांची निगा राखणाऱ्या उल्काला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. खऱ्या मधमाश्या संपून जमाना झाला होता. बागेतल्या यांत्रिक माश्यांना इथल्याच एका नामशेष जातीच्या मधमाशीच्या मेंदूची नक्कल दिली होती. ती मधमाशी एकटी राहणारी, स्वतःचं बीळ स्वतः खणून, परागाच्या गोळीवर अंडं घालून वरून माती लिंपणारी.

"साहेब, हिच्या जातीत राणी नसतेच."

"मॅडम, वर कुणीतरी लागतंच. हुकूम कोण सोडणार?"

मठ्ठ माणूस! खुर्चीवाचून कामं होतात, हे याच्या डोक्यात शिरणार तरी कसं?

माश्या राणीला न जुमानता आपापली बिळं खणत होत्या. इतक्यात परवाच्या सरीनं भिजलेली माती फुटली आणि एक धुळकट माशी बाहेर आली. यांत्रिक माश्यांवर असतो तसा नंबर तिच्यावर नव्हता. उल्का खाली वाकून बघू लागली. ही जात पावसाची वाट बघत वर्षानुवर्षं जमिनीत निजून राहायची.

"साहेब, थांबा! ही खरी..."

"हीसुद्धा ऐकत नाही," म्हणत साहेबांनी बूट आपटला.

बूट उचलला, तेव्हा वाळूवर ओला डाग होता. यंत्राला ओल नसते.

"एक नवी मागवून घ्या," साहेब म्हणाले.