तारेतलं स्टार्ट

धाकूची बायको येसू कल्याणच्या दवाखान्यात होती. सकाळी पळसदरीत तार आली, "येसू सिरियस. स्टार्ट."

"स्टार्ट म्हंजी काय वं?" धाकूने विचारलं.

"लगेच निघा," पोस्टमन म्हणाला.

"म्हंजी गेली रं पोर!" चुलते आबा म्हणाले. "मेली म्हनून तारंत कोन लिवतंय?"

धाकू तसाच निघाला, तर त्यांनी त्याला धरून बसवलं. "आता घाई कशाला? तिचा भाऊ माथेरानवरनं उतरू दे. माहेरच्यांबिगर मयत उचलत नाय."

संध्याकाळी सगळे कल्याणच्या दवाखान्यात पोचले. दारातच, येसूजवळ राहिलेल्या मेहुणीला रडू फुटलं. "दुपारपर्यंत विचारत होती, भावोजी, तुम्ही निघालात का म्हणून."

धाकूच्या काखेत मयताला नेसवायचं हिरवं लुगडं होतं. येसूला "आलो गं" म्हणायचं राहून गेलं.