पंचेचाळीस ग्रॅम पाणी

क्षमा मॅडमचा प्रश्न पुरता वाचूनही झाला नव्हता, तोच स्वरदा उठून म्हणाली, "दोन मोल."

छत्तीस ग्रॅम पाण्यात किती मोल, एवढंच विचारलं होतं, आणि उत्तर बरोबर होतं. मागच्या बाकांवर बसलेले पालक खूश झाले. चारकोपच्या या क्लासात आज डेमो लेक्चर होतं. खाली गेटवर लावलेल्या बॅनरवर याच स्वरदाचा हसरा फोटो होता. दाराशी उभे असलेले मालक, हर्षदसर, तर असे फुलले होते की पोरगी जणू त्यांच्याच घरची.

क्षमाचा हात मात्र फळ्यावरच थांबला. सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला हेच चाललं होतं. पोरगी कागदाला पेन लावत नाही, क्षणभर विचारही करत नाही. केमिस्ट्रीची गणितं अशी सोडवतात होय? आणि सरांनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, मी दिलेलेच प्रश्न घ्या, आणि स्वरदालाच विचारा. डेमो झकास झाला की तुमची नोकरी पक्की." नोकरी क्षमाला हवीच होती. आधीचा क्लास बंद पडल्यापासून ती बोरिवली ते पार्ले वणवण फिरत होती. पण आता तिचं डोकं सणकलं. तिने छत्तीस पुसून तिथे पंचेचाळीस लिहिले.

"आता सांग."

स्वरदाने दाराशी उभ्या सरांकडे पाहिलं. पालक एकमेकांकडे बघायला लागले. सर खोकले.

"मॅडम, पुढचा घ्या ना," ते गोड आवाजात म्हणाले.

"नाही घेणार." क्षमाने खडू स्वरदापुढे धरला. "ये गं. चुकलीस तरी चालेल, मी आहे."

पोरगी फळ्यापाशी आली. कान लालबुंद. पंचेचाळीसखाली रेघ मारून तिने अठरा लिहिले.

"हे अठरा कुठून आले?"

"माहीत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एक बाई पर्स उचलून चालत्या झाल्या. आपली नोकरी गेली हे क्षमाला कळून चुकलं, आणि खरं सांगायचं तर तिला जरा मोकळंच वाटलं.

"पाण्यात काय काय असतं?"

"हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक."

"मग त्यांची वजनं मांड."

स्वरदाने दोन लिहिले, खाली सोळा लिहिले, बेरीज केली आणि अठरा आलेले बघून तिथेच थबकली.

तेवढ्यात हर्षदसर तरातरा पुढे आले आणि त्यांनी डस्टर उचललं. "बस झालं. मॅडम, उद्यापासून येऊ नका. स्वरदा, जागेवर जा."

स्वरदा फळ्यासमोरून हलली नाही.

"थांबा, सर," ती मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बाकीची उत्तरं तुम्ही काल पाठ करून घेतली होतीत. हे माझं मी काढणार."