असमांतर

"असमांतर" हा शब्द लाऊडस्पीकरवरून मैदानभर गेला आणि गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "केरबातात्या, रेघ वाकडी गेली व्हय?" अख्खी गॅलरी हसली.

अनुजाने कपाळाला हात लावला. फुटबॉलच्या सामन्याला अर्धा तास उरला होता आणि त्याआधी केरबाचा सत्कार उरकायचा होता. चाळीस वर्षं पांढऱ्या फक्कीने या मैदानाच्या रेषा आखणारा माणूस आज थांबणार, म्हणून पेठेतल्या तालमीने मानपत्र काढलं होतं. पाहुणे गोव्याचे, तेव्हा इंग्रजी मसुदा हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या अनुजाने लिहून दिला. मराठी करायचं काम तालमीच्या सेक्रेटरीने, धैर्यशीलने, हौसेने अंगावर घेतलं. आता माइकची चाचणी म्हणून तो तेच वाचत सुटला होता.

तिने त्याच्या हातून कागद ओढून घेतला. 'केरबांची सेवा असमांतर आहे.' खाली तिचंही नाव छापलेलं. 'अनपॅरलल्ड'चं हे काय करून ठेवलंस, असं तिने दात आवळून विचारलं.

"पॅरलल म्हंजे समांतर. त्याला अन लावला की उलटं हुतंय," धैर्यशील म्हणाला. "तुमीच शिकवलंय की मॅडम."

दहावीला तो तिच्याच वर्गात होता, आणि दोनदा होता. तिने पुन्हा सांगितलं. ज्याच्या बरोबरीला दुसरं काही उभंच राहत नाही, त्याला इंग्रजीत तसं म्हणतात. मराठीत अजोड म्हण, बेजोड म्हण, त्याला तोड नाही म्हण. धैर्यशील मान हलवत फोनमध्ये काहीतरी शोधत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

तोवर केरबा मैदान ओलांडून आला. गुडघ्यापर्यंत पाय फक्कीने पांढरे झालेले. अनुजाने त्यालाही सगळं समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"इंग्रजीचं मला कळत न्हाय, बाई. पर ह्ये मराठीत लिवलंय."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. थांबा तात्या, खोडून अजोड लिहिते, म्हणत तिने पेन काढलं. त्याने कागदावर हात ठेवला. सगळ्या गावाने ऐकलंय, नुसतं खोडलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याची कड घेतली, असं त्याचं म्हणणं. खिशातून त्याने टेप काढला.

"मोजा. रेघ चुकली आसंल तर हाय तसं वाचा, मी मान खाली घालून घीन. बरोबर आसंल तर त्यो अ तेवढा खोडा."

अ खोडल्यावर वाक्याला काही अर्थच उरत नाही, हे तिला सांगायचं होतं. सेवा समांतर आहे, पण कशाला? सांगणार कुणाला! पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती आणि मोजल्याशिवाय हा माणूस काही मंचावर चढणार नव्हता. साडीचा काठ सावरत ती त्याच्यामागून निघाली.

गोलपुढच्या मोठ्या पेटीची रेषा गोलरेषेला समांतर हवी. दोन्ही टोकांना अंतर चौपन्न फूट. डाव्या टोकाला चौपन्न भरलं. उजव्या टोकाला केरबा गोलरेषेवर उकिडवा बसला आणि टेपचं तोंड त्याने अंगठ्याने दाबून धरलं. टेप ताणत अनुजा पेटीच्या रेषेवर आली, वाकली.

त्रेपन्न फूट चार इंच.

तिने टेप आणखी ताणून पाहिला. तेवढंच. म्हणजे त्या गधड्याने शब्द चुकीचा घातला होता आणि तोच नेमका बरोबर बसला होता.

गॅलरीतली पोरं उठून उभी राहिली होती. केरबा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता. म्हणजे, तिच्या दिशेने.

"किती भरलं, बाई?"

"चौपन्न," अनुजा म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग टेप सोडून तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि 'असमांतर'मधला अ खोडला.