बारवेतली लेकुरवाळी

चढाच्या मध्यावरच शलाका माउंटन बाइकवरून उतरली. बाळंतपणानंतरची ही पहिलीच सफर. सात महिन्यांच्या जागरणांनी पाय लटपटत होते, दूध भरून येऊन टी-शर्ट भिजला होता आणि घरी बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंना फोन लागत नव्हता. जिथे जायचं होतं ती लेणी अजून दोन टेकड्या पलीकडे होती. "तुम्ही व्हा पुढे," असं मैत्रिणींना सांगून ती जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरली.

तिथल्या कोनाड्यात मूल कडेवर घेतलेली दगडी बाई उभी होती. शेळ्यांना पाणी पाजणारी म्हातारी शलाकाच्या टी-शर्टकडे बघत म्हणाली, "अंगावरचं दूध वाया घालवू न्हाई, लेकी. हिच्या पायावर पीळ. आमच्यातल्या लेकुरवाळ्या तेच करत्यात. अन् काय मागायचं ते माग."

शलाकाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी म्हातारीकडे पाठ करून तिने मूर्तीच्या पायावर दूध पिळलं. छातीतला ठणका उतरला, तसे तिने हात जोडले.

"दूध आटू नये म्हणून मागितलंस न्हवं?"

"नाही, आजी. एकदा सलग झोप मागितली."

म्हातारीने मूर्तीच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं. "तेवढं सोडून माग, बाई. ती बिचारी सोताच कवापासून पोर घेऊन जागी हाय."