कोलंबोचं विमान जाईपर्यंत

"कोलंबोचं विमान येईपर्यंत कुणी दार उघडू नका," तिरुमारन साहेब म्हणाले, आणि सगळा वर्ग नव्या काचांकडे पाहू लागला.

काचा जाड होत्या, दुहेरी. धावपट्टीच्या कुंपणाला लागून असलेल्या या शाळेला विमानतळानं त्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून बसवून दिल्या होत्या, वर एक एसी. तो निधी विमानतळाच्या या साहेबांच्या हाती. आता विमान डोक्यावरून जाणार आणि आवाज येणार नाही, हे त्यांना फोटोवाल्यासमोर दाखवायचं होतं. मुख्याध्यापक सवरिमुत्तु सर सुंडलच्या डब्यावर झाकण दाबून उभे होते. काचा आधी, खाऊ मग.

अमुदवल्ली टीचर काचांकडे पाहत नव्हती. ती दाराशी उभ्या वेलुच्चामीकडे पाहत होती. शहाळी विकणारा हा माणूस आज गाडी न लावता आला होता, हातात पत्र्याची छोटी ट्रंक घेऊन. त्याची लेक मुत्तळगी तिसऱ्या बाकावर होती. दुपारच्या बसनं तो तिला तंजावूरला, मुक्या मुलांच्या वसतिशाळेत पोचवणार होता.

मुत्तळगी मुकी नव्हती. हे टीचरला ठाऊक होतं, आणि



आणि ते विमानांमुळे ठाऊक होतं. या शाळेत शिकवायची रीतच तशी. विमान आलं की टीचरचा हात वर. वाक्य जिथं असेल तिथं तुटायचं, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं. मधल्या गदारोळात पोरं मनाला येईल ते करत. कुणी गाणं म्हणे, कुणी सरांचा यथेच्छ उद्धार करी. मुत्तळगी डोळे मिटून बोले. एरवी घरीदारी तिच्या तोंडून शब्द नाही. विमानाखाली मात्र ओठ भराभर हलत, टीचरचा हात खाली येईपर्यंत. काय बोलते, ते कुणालाच कधी ऐकू आलं नव्हतं.

सरांना सांगून झालं होतं. "टीचरम्मा, ओठ तर मासाही हलवतो," सर म्हणाले होते. वेलुच्चामीला सांगितलं, तर बिचारा एक सकाळ धंदा बुडवून मागच्या भिंतीशी येऊन बसला. ओठ हलले. ऐकू फक्त विमान आलं. "दिसतं खरं, टीचर," तो जाताना म्हणाला, "पण उद्या मी नसलो तर हिनं हाक कशी मारायची कुणाला?"

काचांचं ठरलं तेव्हा टीचरनं चाचरत विचारलं होतं, एक खोली तशीच ठेवता येईल का. सर हसत सुटले. सगळं गाव आवाजाच्या नावानं खडे फोडतंय आणि यांना आवाज हवा. तिलाही पटत होतं. बाकीच्या पोरांना आता अख्खी वाक्यं मिळणार होती. पण या एका पोरीला बोलायला जागा



जागा कुठली उरणार होती?

विमानाला उशीर होत होता. वेळ काढायला साहेबांनी प्रश्न सुरू केले. आपल्या गावाजवळून कुठली नदी वाहते? सात चोक किती? उत्तरं दहा-दहा तोंडांनी आली. मग त्यांनी नेमकं तिसऱ्या बाकाकडे बोट केलं. "तू सांग, बाळ. आवडल्या का काचा?"

"ती बोलत नाही, सर," पोरांनी एका सुरात सांगितलं. सकाळी हजेरीलाही टीचर तिच्या नावापाशी थोडी थांबली होती, रोजच्यासारखी, आणि पुढं गेली होती.

साहेब ओशाळले. तेवढ्यात वेलुच्चामी दाराशी उभ्यानंच लेकीला हलक्या आवाजात म्हणाला, "हे झालं की निघायचं ना, कण्णू?"

मुत्तळगीनं त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे.

वर्गाच्या फरशीवरून सावली सरकली. काचेपलीकडे विमान एवढं खाली आलं होतं की चाकं दिसली. आवाज म्हणाल तर पंख्याएवढा. साहेबांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? आता तुमच्या टीचरना कधी



टीचरचा हात वर गेला होता. तिनं काही ठरवलं नव्हतं, तो आपसूक गेला. वर्ग थबकला. साहेबही थबकले, का ते त्यांना कळलं नाही.

तिसऱ्या बाकावर डोळे मिटले.

"हजर," एक घोगरा, न वापरलेला आवाज म्हणाला. "कावेरी. अठ्ठावीस. काचा चांगल्यात, पण एसीचं पाणी माझ्या वहीवर पडतंय."

साहेबांनी वर पाहिलं. खरंच पडत होतं.

"नाही, अप्पा. मला नाही जायचं."

कुणी मान वळवली नाही. पोरांना रीत माहीत होती, हात वर असताना कुणी कुणाचं ऐकत नसतं. सरांच्या हातातलं झाकण तिरकं झालं होतं आणि त्यांना ते सरळ करायचं सुचत नव्हतं.

विमान केव्हाच धावपट्टीला टेकलं. मुत्तळगी थांबली नाही. मान्सून नैर्ऋत्येकडून येतो, ती म्हणाली, आणि टीचरला आठवलं, हे आपण काल विचारलं होतं. मग परवाचं उत्तर आलं. मग कधीतरी हरवलेल्या खोडरबराचं, कुणी घेतला ते नावासकट.

दाराशी वेलुच्चामीनं ट्रंक जमिनीवर ठेवली, पत्रा वाजू न देता.

टीचरचा खांदा भरून आला. तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला आणि हात तसाच वर धरून ठेवला.